सांधा

लिएपायात ट्रामची एकच वाट,
आणि तिच्या शेवटच्या थांब्यावर सात मिनिटांचा विसावा.
त्या सात मिनिटांत बाबा माझी वेणी घालायचा,
रिकाम्या डब्यात, आकडे दातांत धरून.
वेणी निघायची दोरखंडासारखी.
बंदरातल्या खुंटाला बांधली असती
तर जहाज हललं नसतं.

आई तेव्हा आयर्लंडमध्ये अळंबी खुडत होती,
कपाळाला दिवा बांधून, असं फोनवर सांगायची.
पुढे पुढे नुसते पैसे यायचे.
मग तेही नाही.

सातवीला आम्हाला ती जाड कादंबरी होती,
आमच्याकडे शाळेत सगळ्यांनीच वाचलेली.
नदीकाठची आई, पाच मुलं.
तिच्या हाताला राईच्या पावाचा वास,
तिला कधी सर्दी होत नाही,
आणि इतक्या पानांत एकदाही ती
"आता पुरे" म्हणत नाही.
मला ती आधीच ठाऊक होती.
बाबाने दोन हिवाळे वाचून दाखवली होती,
रात्रपाळी नसेल तेव्हा,
ओळीखाली बोट सरकवत,
लांबलचक शब्दांपाशी ब्रेक मारत.
शेवटी शेवटी मात्र ती बाई जरा चिडकी होते, का कोण जाणे.
"कान झाक गं, कान झाक," म्हणत धाकटीच्या मागे धावते.

बाईंनी निबंध दिला:
तुमची आई आणि कादंबरीतली आई, तुलना करा.
मी बाबावर लिहिलं.
लिहिलं की त्याच्या हाताला वंगणाचा वास येतो.
की तो ओरडतो, बटाटे करपवतो,
आणि करपलेले स्वतःच्या ताटात घेतो.
की एकदा तळघरात बटाटे आणायला गेला
तो अर्धा तास आलाच नाही,
आला तेव्हा नाक लाल, आणि टोपलीत तीन बटाटे.
शेवटी लिहिलं:
ती आई गोठलेली नदी ओलांडून मीठ आणायला जाते
आणि पहाटे परत येते, भुवयांवर हिम घेऊन.
माझा बाबा रात्रपाळीहून तसाच येतो.

बाईंनी ते वर्गात मोठ्याने वाचलं.
आधी गुन्तार्स हसला, मग सगळे.
"परत येते? पान तीनशे बारा बघ, वेल्गा.
बर्फ फुटतो. ती परत येत नाही.
तिथेच तर सगळी कादंबरी आहे."
आणि खाली लाल शाईत: विषय आईचा होता.

घरी येऊन पुस्तक काढलं.
तीनशे बारा. बर्फ फुटलेला होता.
समासात पेन्सिलीने, त्याच्या बुटक्या अक्षरात:
इथे सांधा बदल.

म्हणजे दुसरा अख्खा हिवाळा
त्याचं बोट तिच्या मरणाच्या ओळीखालून जात होतं,
मग पोरक्या मुलांच्या ओळींखालून,
आणि तोंड तिला घरी आणत होतं,
मीठ बरणीत भरायला लावत होतं,
मोजे रफू करायला, धाकटीला दटावायला.
पानं तो बरोबर वेळेवर उलटायचा.
वेळापत्रकाचा माणूस.

मी कधी विचारलं नाही.
त्यानेही निबंधाचे गुण विचारले नाहीत.

आई परवा येऊन गेली, दोन दिवस.
तिच्या हाताला कसलाच वास नव्हता.
मी मुद्दाम हातात घेऊन पाहिला.

आता बाबाच्या गुडघ्यांचे सांधे धरलेत,
डोळ्यांत मोती उतरलाय,
आणि संध्याकाळी त्याला तेच पुस्तक हवं असतं.
काल तीनशे बारावर आले.
नदी. मिठाची पिशवी. पायाखाली पहिली चर्रकन रेघ.
माझं बोट थांबलं.
तो डोळे मिटून, खुर्चीत मागे रेललेला,
हात मांडीवर, जणू अजून दांडा धरलाय.
"काय गं," म्हणाला, "सिग्नल तर मोकळाय."